दोन शब्दांचं वचन

भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या मराठी ख्रिस्ती घरांत सत्यभामाबाईंचा एक नियम लहानमोठ्या सगळ्यांना माहीत होता. त्यांच्यापुढे "येशू रडला" चालत नसे.

हे समजायला आधी त्यांची हजेरी समजून घ्यायला हवी. गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये प्रार्थनासभा भरायची. पोलादाचा कारखानाच अजून बांधून पुरा झाला नव्हता, तिथे चर्च कुठून असणार? पुढच्या खोलीतली खाट उभी करून भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, आणि पंचवीस-तीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची. आधी गाणं, मग हजेरी. बाई वहीतून नाव पुकारत. ज्याचं नाव येईल त्यानं उठून "हजर" म्हणायचं नाही, तर शास्त्रातलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं. मिशनच्या बोर्डिंगमधली ही जुनी रीत, नागपूरकडून आलेल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. आणि पाठांतर न करता आलेल्या पोरांना त्या रीतीतली पळवाटही ठाऊक असायची. लाजर नावाच्या मित्राला मेलेल्यातून उठवण्याआधी त्याच्या कबरीपाशी प्रभू रडला, ते वचन अवघ्या दोन शब्दांचं. तेवढं म्हणायचं आणि खाली बसायचं.

बाई बसू देत नसत. "थे आळशाचं वचन हाय. दुसरं म्हण," असं म्हणून त्या माणसाला उभंच ठेवत. त्यात पोर आणि थोर असा भेद नव्हता. मंडळीचे, म्हणजे या ख्रिस्ती जमावाचे, निवडलेले वडील गुलाबराव, कारखान्याच्या स्टोअरमधले हेडक्लार्क आणि दम्याचे रोगी, एकदा घाईघाईत तेच म्हणून टेकायला गेले. बाईंनी वहीवरची नजर वर केली मात्र, गुलाबराव पुन्हा उभे राहिले आणि खोकत खोकत एक लांबलचक वचन म्हणाले. त्या दिवसापासून गुलाबरावांच्या मनात बाईंबद्दल आदर आणि राग दोन्ही सारखेच भरले.

बाईंचं हे पाठांतराचं वेड कुठून आलं, हे सांगायला हवं. त्या काटोलकडच्या. आईबाप एकाच साथीत गेले आणि सहा वर्षांच्या सत्यभामेला मिशनच्या बोर्डिंगनं वाढवलं. तिथे वचन पाठ तर जेवायला बस, नाही तर थांब, असा खाक्या. पोर हुशार निघाली, जेवण कधी चुकलं नाही. अठराव्या वर्षी तिचं लग्न पुंडलिकाशी झालं. पुंडलिक रेल्वेत सांधेवाला, गाडीच्या वाटेचे सांधे बदलणारा. दुर्ग लायनीवरच्या एका स्टेशनाहून दुसऱ्या स्टेशनावर त्यांचा संसार हलत राहिला. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं आणि बऱ्यापैकी सुखात राहिले. मग एकोणपन्नास साली पुंडलिकाला पटकी लागली आणि दोन दिवसांत तो गेला. त्या दोन दिवसांत सत्यभामेनं गुडघे टेकून जी प्रार्थना केली, तशी तिनं आधी कधी केली नव्हती.

पुढे मिशननं तिला बायबलबाई केलं. म्हणजे घरोघर जायचं, बायकांना वाचायला शिकवायचं, शास्त्र समजावायचं, दुखल्याखुपल्याला प्रार्थना करायची. भिलाईत कामगारांची वस्ती वाढली तेव्हा मिशनच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रींनी, त्यांना इकडे पाठवलं. भिलाई-तीन या शेजारच्या वस्तीत एका रेल्वेवाल्याच्या क्वार्टरमागे त्यांना खोली मिळाली. तिथून बसनं, नाही तर पायी त्या सेक्टर दोनला यायच्या. पांढरं पातळ, काखेत पिशवी, आणि तोंडात कुणाच्याही दुखण्यावर तयार वचन. त्यांना वचनाशिवाय गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

या मंडळीत देवीदास नावाचा एक खलाशी होता. खलाशी म्हणजे दर्यावरचा नव्हे. भिलाईत दोर-कप्पी लावून जड लोखंड उंच चढवणाऱ्या माणसाला खलाशी म्हणत. देवीदास भट्टीच्या बांधकामावर रूसी साहेबांच्या हाताखाली काम करायचा. गडी अबोल, पण गाण्यात आवाज असा लावायचा की बाकीच्यांना आपण बेसूर आहोत हे विसरायला व्हायचं. त्याची बायको ललिता, आणि सहा वर्षांची हिरा ही एकुलती एक पोर.

साठ सालच्या ऑगस्टमध्ये हिराला घटसर्प झाला. सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थनेला बसली. गुलाबरावांनी तर भर सभेत उठून सांगितलं, "पोरगी उठनार. मले प्रभूनं सांगितलं हाय." तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. मग ज्यांनी प्रार्थना केली होती तेच सांत्वनाला आले. देवाची मर्जी, रडू नका, पोर प्रभूजवळ गेली, आनंद करा. कुणी तरी दाराबाहेर चपला घालता घालता म्हणालंही, की घरच्यांचाच विश्वास कमी पडला असेल. क्वार्टरचं दार ते केवढं, आत सगळं ऐकू गेलं.

देवीदास सभेला यायचा बंद झाला. दोन महिने कुणी त्याला सतरंजीवर पाहिलं नाही. आणि ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तो अचानक आला, दाराशी चपलांजवळ बसला. गाण्यात त्यानं तोंड उघडलं नाही. हजेरी सुरू झाली, बाईंनी नाव पुकारलं, "देवीदास." तो उठला.

"येशू रडला," तो म्हणाला.

मागच्या पोरांत खसखस पिकली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "देवीदास, तू का लहान हायेस? दुसरं म्हण."

त्यानं बाईंकडे पाहिलं, मग सतरंजीकडे. "दुसरं नाई येत मले," म्हणाला, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला. बाईंनी वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली आणि पुढचं नाव घेतलं. खोटं कशाला सांगा, त्या संध्याकाळी भिलाई-तीनला परतताना त्यांना आपल्या निःपक्षपातीपणाचं थोडं कौतुकच वाटत होतं.

मंडळीत मात्र चर्चेला ऊत आला. गुलाबरावांनी निदान केलं की हा रूसी लोकांच्या संगतीचा परिणाम. "थे लोक देव मानत नाई. थ्यायच्या हाताखाली दिवसभर राहून मानूस बिघडन नाई तं काय?" बाकीच्यांना हे पटलं. रूसींवर ढकललं की आपल्याकडे काही राहत नव्हतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस आठवडी बाजारात बाईंना ललिता दिसली. बाईंनी ख्रिस्ती रीतीप्रमाणे सलाम केला. ललितेनंही केला, पण नजर वळवून पुढे जायला लागली. बाईंनी तिला थांबवलं. "कावून वो ललिते, रागावली का? देवीदास नाई येत, तं तू तरी येत जा सभेले."

ललिता वळली. ती कधी वर तोंड करून बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी बोलली. "बाई, त्यायले दुसरं येत नव्हतं असं नाई. शंभर वचनं पाठ हायेत त्यायले. हिरा गेली तवापासून सारे येऊन सांगून गेले, रडू नोको, रडू नोको. आयकून आयकून त्यायनं बोलनंच सोडलं. मंग एक दिवस मले म्हणे, ललिते, बाकी सारं सुटलं माह्या हातून, एकच राहिलं. लाजर आता उठनार, हे प्रभूले मालूम होतं. तरी थो रडला. कोनाले रडू नोको म्हणला नाई. एवढंच खरं वाटते मले. बाकीचं खरं हाय का नाई, माह्यानं सांगवत नाई." ललितेनं पदरानं नाक पुसलं. "मंग म्हणे, जातो या गुरुवारी. एवढं तं खरं म्हणून सांगू शकतो. दोन महिन्यांतून गेले बाई, आन् तुमी त्यायले आळशी पोरावानी उभं ठेवलं."

बाईंच्या हातात वांग्यांची पिशवी होती. ती तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. ललिता केव्हा गेली हेही त्यांना कळलं नाही. त्यांना लाज वाटली, आणि ती साधीसुधी नव्हती. एका माणसाकडे एवढुसाच विश्वास उरला होता, तो ओंजळीत धरून तो त्यांच्यापुढे आला होता, आणि त्यांनी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं होतं, हा चालत नाही, दुसरा आण.

त्या बुधवारी देवीदासची पहिली पाळी होती. तो दुपारी घरी परतल्यावर बाई त्याच्याकडे गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "माह्याकडून चुकलं, देवीदास. मले माफ कर."

"तुमचं काई चुकलं नाई, बाई," देवीदास म्हणाला. "नियम तं नियम. मोडला मी. बसा, चहा घेऊन जा." शब्द सगळे आदराचे होते, पण मनाचं दार बंद होतं. बाईंनी चहा घेतला आणि उठल्या.

पुढच्या बुधवारी त्या पुन्हा गेल्या. या खेपेला बरोबर चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, नेली, कारण देवीदासचं जेवण सुटल्याचं ललितेनं सांगितलं होतं. धर्माची गोष्ट काढली नाही. ललितेबरोबर तांदूळ निवडले, पुंडलिक कसा घोरायचा ते सांगितलं, आणि निघाल्या. त्याच्या पुढल्या बुधवारीही असंच. निघताना त्या दाराशी पोचल्या तेव्हा मात्र देवीदासला राहवेना. ख्रिस्ती घरात पाहुणा, तोही बायबलबाई, निघताना प्रार्थना केल्याशिवाय उठत नाही. न जेवता उठेल एक वेळ.

"बाई, तुमी प्रार्थना न करता कावून जाता?"

"तुले डोळे मिटाले कावून लावू?" बाई म्हणाल्या. "तुले नाई मिटावसे वाटत, तं राहू दे उघडे."

देवीदास हसला. मग त्याला काय झालं कोण जाणे, तो खाली बसला आणि हिराबद्दल बोलायला लागला. ती गाण्याचे शब्द कसे चुकीचे म्हणायची, त्याच्या दोराच्या गाठी कशा सोडवून ठेवायची, शेवटच्या दिवशी श्वास घेताना तिच्या गळ्यातून कसा आवाज यायचा. तासभर बोलला. बाईंच्या ओठांवर नेहमीप्रमाणे चार-पाच वचनं आली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी ती गिळली. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. परतताना बसमध्ये त्यांच्या मनात एक गोष्ट वर आली, जी त्यांनी अकरा वर्षं दाबून ठेवली होती. ती कुणाला सांगायची त्यांची हिंमत नव्हती.

नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारी गुलाबरावांच्या घरी मंडळीची बैठक भरली. नाताळाच्या प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीआधी, मंडळीचं रजिस्टर साफ करायची पद्धत होती. जे सोडून गेले, जे तीन महिने आले नाहीत, त्यांची नावं कमी करायची. गुलाबरावांनी चष्मा पुसला. पहिलं नाव बदली होऊन गेलेल्याचं. ते कटलं. दुसरं गावी परतलेल्याचं. तेही कटलं. "तिसरं नाव, देवीदास," गुलाबराव म्हणाले. "चार महिन्यांतून एकदा आला, थोही मधातून उठून गेला. आन् अविश्वासानं बोलते म्हणून आयकलं. अशा मानसानं प्रभूच्या मेजाजवळ येनं बरोबर नाई. कोनाचं काही म्हणनं?"

कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पेनचं टोपण निघालं.

बाईंना एक पक्कं कळत होतं. हे नाव कटलं की देवीदास पुन्हा कधीच येणार नाही. घरदार सोडून परमुलखात आलेल्या या माणसांना मंडळी म्हणजेच भाऊबंद होते. त्यातून तो तुटला की तुटला, आणि त्याच्या मागोमाग ललिताही.

"थांबा, गुलाबराव," त्या म्हणाल्या. "थ्याचं नाव काटाचं असन तं माहं पहिले काटा."

"आता हे काय नवीन, बाई?"

बाई उभ्या राहिल्या. "माहा मानूस पटकीनं गेला तवा दोन दिवस मी देवाले हाका मारल्या. थ्यानं ओ देल्ली नाई. थ्या दिवसापासून आजवर मी प्रार्थना करते, तं कोनी आयकून राहिलं असं मले वाटत नाई. अकरा वर्सं झाले. लांब लांब वचनं म्हणते मी, तुमाले म्हणाले लावते, कारन गप बसलं तं मले भेव वाटते. देवीदासनं खरं सांगितलं. मी नाई सांगितलं. एवढाच आमच्यात फरक हाय."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मैनाबाई नावाची एक म्हातारी तोंडाला पदर लावून बाईंकडे बघतच राहिली. त्याच आठवड्यात बाईंनी तिच्या सुनेसाठी प्रार्थना केली होती, आणि आता ती लागू पडली की नाही हा मैनाबाईंना प्रश्न पडला असावा.

गुलाबरावांचा चेहरा लाल झाला. "बाई, तुमी मंडळीच्या बायबलबाई. लेकरायले शिकवता. हे मले पाळकसाहेबायले कळवा लागन."

"कळवा," बाई म्हणाल्या. "पन देवीदासचं नाव काटू नोका. थ्याले हाकलू नोका, गुलाबराव. पोरगी उठनार असं तुमी सांगितलं, नाई उठली. दुसरं म्हण असं मी सांगितलं, थो निघून गेला. आपन दोघायनं मिळून थ्याले दाराबाहेर केलं, रूसी लोकायनं नाई."

गुलाबराव खोकायला लागले. खोकला बराच वेळ चालला, आणि तो सगळाच दम्याचा होता असं नाही. हिरा गेल्यापासून या माणसालाही झोप लागत नव्हती, हे त्यांच्या बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं. "नाव राहू द्या," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "पाळकसाहेबायले मात्र पत्र धाडतो. चहा सांगा."

त्या चहाला बाईंच्या शेजारी कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून निरोप आला की तूर्त पोरांना शिकवायला येऊ नये. बाईंना आता भीती वाटायला लागली. मिशनचं काम गेलं तर या वयात जायचं कुठे, हा प्रश्न होताच. पण त्याहून वाईट हे की ज्या घरांत त्यांना बाई म्हणून पाट मांडला जायचा, तिथे आता लोक बघून दार लोटणार.

मंगळवारी दुपारी खोलीबाहेर सायकल आदळली. देवीदास होता. कामावरचे कपडे तसेच, अंगावर लाल धूळ, आणि चेहऱ्यावर राग.

"बाई, तुमी माह्यासाठी भर बैठकीत खोटं कावून बोल्ले? मैनाबाईनं सारं सांगितलं ललितेले. नाव काटलं असतं तं काटलं असतं. तुमचं काम जाऊन राहिलं माह्यापायी!"

"खोटं नाई बोल्ली मी," बाई म्हणाल्या.

देवीदास उंबऱ्यातच थांबला. त्यानं बाईंकडे नीट पाहिलं. पिशवी खुंटीला होती, चूल पेटलेली नव्हती, आणि बाई भिंतीला टेकून नुसत्या बसल्या होत्या. वचनाशिवाय, गप्प. तो आत येऊन समोर बसला.

"अकरा वर्सं?" त्यानं विचारलं.

बाईंनी मान डोलावली.

"आन् तरी साऱ्यायच्या घरी जाऊन प्रार्थना करत होत्या?"

"लोक बलावत. नाई कसं म्हणू? थ्यायले बरं वाटे."

"मंग तुमच्यासाठी कोन करत होतं?"

बाईंना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी आठवून पाहिलं. "कोनी नाई," त्या म्हणाल्या. "बायबलबाईसाठी कोन करन रे? साऱ्यायले वाटे, इले काय कमी हाय."

बाहेरून एक मालगाडी गेली. मग देवीदासनं डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले आता येत नाई," तो म्हणाला. "आन् डोळे मिटनार नाई मी."

"नोको मिटू."

त्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि कामावर वरच्या माणसाला हाक देतात तशा मोठ्या, जरा रागीट आवाजात म्हणाला, "तू हायेस का नाई, मले मालूम नाई. हायेस तं या बाईकडं पाह्य. माह्याकडं नाई पाह्यलं, थे राहू दे. इच्याकडं पाह्य. अकरा वर्सं झाले, एकटीच बोलून राहिली हे." पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही. "बस, एवढंच," तो म्हणाला.

"आमेन," बाई म्हणाल्या. दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनांच्या शेवटी हा शब्द त्यांनी हजारदा म्हटला होता. पुंडलिक गेल्यापासून स्वतःसाठी कुणी केलेल्या प्रार्थनेला म्हणायची ही पहिलीच वेळ होती.